स्तनाच्या कर्करोगानंतर दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करावा का?

प्रश्न सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. आईचं वय 56. उजवा स्तन काढला. गाठ 3 सेंटिमीटरची होती, काखेतल्या दोन गाठींत कर्करोग सापडला, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-हार्मोन्सवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे वाढीचं प्रथिन जास्त नसलेला). केमो आणि रेडिएशन बार्शीला झालं. 14 महिन्यांपासून लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी रोजची गोळी चालू आहे. दर तीन महिन्यांनी बार्शीला गेलं की डॉक्टर हातानं तपासतात, चार प्रश्न विचारतात आणि परत पाठवतात. शेजारच्या बाईंचा मात्र दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे अंगभर कर्करोग शोधणारा स्कॅन, होतो. म्हणून यांनी घाबरून एका लॅबच्या पॅकेजमधून सीए 15-3 ही कर्करोगाची खूण (मार्कर) शोधणारी रक्ततपासणी करून घेतली. ते 34 आलं, लॅबची मर्यादा 30. शिवाय तीन आठवड्यांपासून आईची पाठ दुखते आहे. आई दिवसभर विड्या वळतात. पेट स्कॅन करून घ्यावा का, आणि कर्करोग पसरला तर वेळेत कसा कळणार?

ताई, नुसतं ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून पेट स्कॅन करू नका. पाठदुखी मात्र अंगावर काढू नका, ती याच आठवड्यात तपासून घ्या. काही त्रास नसताना केलेला स्कॅन आणि त्रास आहे म्हणून केलेली तपासणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचारानंतरची सगळी देखरेख याच फरकावर उभी आहे.

आधी पाठीचं बोलू, कारण घाई तिथेच आहे.

विडी वळणाऱ्या बाईची पाठ दुखणं सोलापुरात कुणालाच नवल वाटत नाही, आणि धोका तोच आहे. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, आणि हजार विड्या भरेपर्यंत बैठक मोडत नाही. या बैठकीनं दुखणारी पाठ संध्याकाळी जास्त दुखते, आडवं झाल्यावर हलकी होते, सुटीच्या दिवशी बरी असते. दुखणं मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत असतं आणि दाबून दिलं की बरं वाटतं. लेट्रोझोलचं दुखणं वेगळं असतं. सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं, गुडघे आखडतात, दोन्हीकडे सारखेच, आणि हालचाल सुरू झाली की सैल होतात. हाडात पसरलेल्या कर्करोगाचं दुखणं बहुधा एका जागी बोट ठेवून दाखवता येतं. ते आडवं पडूनही थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं आणि दर आठवड्याला थोडं वाढतं. पहिल्या आठवड्यात एका गोळीनं भागत होतं, आता दोन लागतात, असा त्याचा चढ असतो. चौथी शक्यताही धरा. लेट्रोझोलनं हाडं विरळ होतात, त्यामुळे भरलेली घागर उचलताना मणका दबला असेल तर दुखणं एकदम, त्या क्षणी सुरू होतं.

ही लक्षणं दरवेळी इतकी स्वच्छ वेगळी दिसत नाहीत. म्हणून स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईची नवी पाठदुखी दोन आठवड्यांत उतरली नाही, तर कारण विडीचं वाटलं तरी तपासायची. तुमचे तीन आठवडे झाले आहेत. डॉक्टर मणक्यांवर एकेक करून बोटानं ठोकून बघतील. एखाद्याच मणक्यावर कळ उठली तर ती खूण महत्त्वाची. पायांची ताकद आणि संवेदना बघतील. रक्तात कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ड जीवनसत्त्व पाहतील. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतल्या कर्करोगानं वाढतं, तसंच ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेनंही वाढतं, त्यामुळे तिन्ही आकडे एकत्र वाचायचे.

एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. मणक्यातला 30 ते 50 टक्के चुना गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फारसं दिसत नाही. शंका राहिली तर मणक्याचा एमआरआय करतात, तो सगळ्यांत स्पष्ट सांगतो. अंगात अनेक ठिकाणी हाडं दुखत असतील तर हाडांचा स्कॅन करतात. त्यात इंजेक्शन दिल्यावर दोन ते चार तास थांबावं लागतं आणि मधे भरपूर पाणी प्यायचं असतं. झिजलेले सांधे, जुनं मोडलेलं हाड, दबलेला मणका हेसुद्धा त्या स्कॅनवर काळे ठिपके दाखवतात, त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे कर्करोगच असं नाही.

तोवर पाठ चोळून घ्यायची नाही, हाडवैद्याकडे जायचं नाही. मणक्यात खरंच काही असेल तर पोखरलेलं हाड दाबानं मोडू शकतं.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पाठदुखीबरोबर पाय जड होणं, चालताना पाय लटपटणं, कमरेखाली किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा शौचावर ताबा न राहणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. मज्जारज्जूवर दाब येतो आहे असं समजायचं आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघायचं. बार्शी सुमारे 70 किलोमीटर आहे. आधी सोलापुरातच सिव्हिल किंवा एमआरआयची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे सांगा: ‘स्तनाच्या कर्करोगाची पेशंट आहे, पायांची ताकद जाते आहे.’ सुरुवातीला स्टेरॉइडचं इंजेक्शन, 24 तासांच्या आत संपूर्ण मणक्याचा एमआरआय, मग रेडिएशन किंवा ऑपरेशन असा क्रम असतो. चालत आलेली बाई उपचारानंतर बहुतेक वेळा चालती राहते. पाय पूर्ण गेल्यावर आलेलीचे पाय परत येणं फार अवघड असतं. इथे तासांचा हिशेब आहे.

आता पेट स्कॅनचं. तुमचा तर्क कुणालाही पटेल असा आहे: लवकर सापडलं तर लवकर बरं होईल. स्तनातल्या पहिल्या गाठीबाबत ते खरं आहे. हाडात, फुप्फुसात, यकृतात पसरलेल्या आजाराबाबत ते तसं लागू होत नाही, आणि हे नुसतं मत नाही, तपासून पाहिलेलं आहे. 1994 साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. एकात 1,320 आणि दुसऱ्यात 1,243 बायका होत्या. निम्म्या बायकांना काही त्रास नसतानाही ठरलेल्या अंतरानं छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन आणि पहिल्या अभ्यासात यकृताची सोनोग्राफीही केली. उरलेल्यांना डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि त्रास झाला तरच पुढची चाचणी. पहिल्या अभ्यासात सुमारे सहा वर्षांनी भरपूर तपासण्या झालेल्या गटात 20 टक्के बायका दगावल्या होत्या, साध्या देखरेखीच्या गटात 18 टक्के. दुसऱ्या अभ्यासात पाच वर्षांचे आकडे 18.6 आणि 19.5 टक्के होते. म्हणजे फरक पडला नाही. दुसऱ्या अभ्यासात स्कॅन होणाऱ्या गटात हाडांतला आणि फुप्फुसातला प्रसार आधी सापडला, पण आयुष्य वाढलं नाही. आजार तेवढा आधी कळला, एवढंच.

कारण असं की दूरवर पसरलेल्या आजारावर दिली जाणारी औषधं त्याला आवर घालतात, वर्षानुवर्षं आवर घालतात, पण बहुतेकदा मुळासकट काढत नाहीत. ती चार महिने आधी सुरू केली तर दुष्परिणाम चार महिने आधी सुरू होतात आणि धास्तीही. हे अभ्यास जुने आहेत, तेव्हा पेट स्कॅन सर्रास होत नव्हता आणि आजची औषधंही नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. रक्तातले कर्करोगाच्या डीएनएचे कण शोधणाऱ्या चाचण्यांवर काम चालू आहे. त्यांनी प्रसार आधी कळतो, पण लक्षणं नसताना त्यांच्या आधारे उपचार बदलून बाई जास्त जगते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला आजही तोच आहे: त्रास नसेल तर नेमानं पेट, सिटी, हाडांचा स्कॅन किंवा मार्कर नको.

मग शेजारच्या बाईंचा का होतो? बहुधा त्यांचा आजार आधीच पसरलेला आहे आणि चालू औषध लागू पडतंय की बदलायचं, हे बघायला स्कॅन होतो. तिथे त्याला अर्थ आहे, रिपोर्टवर पुढचा निर्णय ठरतो. तुमच्या आईचाही सुरुवातीला मोठा स्कॅन झाला असेल तर तो ऑपरेशनपूर्वी आजार कुठवर गेलाय हे ठरवण्यासाठी होता. उपचारानंतरच्या देखरेखीशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्याची फाइल बघून आपल्या तपासण्या ठरवणं ही सोलापुरात रोज दिसणारी चूक आहे, आणि त्यामागची काळजी खरी असते म्हणून ती मोडायला वेळ लागतो.

पेट स्कॅननं निदान नुकसान तर होणार नाही ना? होतं. पेट स्कॅन साखर जास्त ओढणाऱ्या पेशी दाखवतो. कर्करोग साखर ओढतो, तसाच क्षयरोगही ओढतो. आपल्याकडे छातीतल्या गाठींमध्ये जुना-नवा क्षय सापडणं अगदी सामान्य आहे. अशी गाठ चमकली की मग सुई, दुर्बीण, पुन्हा स्कॅन, आणि महिना-दोन महिने घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. रेडिएशननंतर फुप्फुसाच्या कडेला आलेली सूज, भरत आलेली मोडकी बरगडी, नुकत्याच घेतलेल्या लशीनं सुजलेली काखेतली गाठ, हे सगळं चमकतं. उलट बाजूनं, अगदी बारीक गाठी त्यात सुटतात. मेंदू मुळातच साखर ओढत असल्यानं तिथलं नीट दिसत नाही. लोब्युलर प्रकारचा, म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणारा, कर्करोगही कमी चमकतो. म्हणजे स्वच्छ रिपोर्टनंही खात्री मिळत नाही, आणि अशा खात्रीच्या भरवशावर पुढचे सहा महिने पाठदुखी अंगावर काढली जाते. माझ्या मते हेच सगळ्यांत मोठं नुकसान आहे.

सीए 15-3 चे 34. मर्यादेच्या इतक्या जवळचा एक आकडा काहीच सांगत नाही. यकृताच्या साध्या आजारांत आणि ब-12 च्या कमतरतेच्या रक्तक्षयातही तो वाढलेला सापडतो. वेगवेगळ्या लॅबच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आता दुसऱ्या लॅबमध्ये करून ‘खात्री’ करू नका. रिपोर्ट बार्शीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना पुन्हा पाहावंसं वाटलं तर त्याच लॅबमध्ये काही आठवड्यांनी करतात. त्या एका आकड्यावरून औषध बदलत नाहीत.

आता त्या दहा मिनिटांच्या हाताच्या तपासणीबद्दल, जी तुम्हाला अपुरी वाटते. दोन गोष्टी अशा आहेत की लवकर सापडल्या तर पूर्ण बरं करता येण्याची शक्यता उरते: ऑपरेशनच्या जागी किंवा आसपास आजार परत येणं आणि दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होणं. डॉक्टरांचा हात आणि मॅमोग्राफी या दोन्हींसाठीच असतात. छातीच्या त्वचेवर परत आलेला आजार बहुतेक वेळा पेट स्कॅनच्या आधी बोटाला लागतो.

हे घरी आईला शिकवा. महिन्यातून एक दिवस ठरवा. एकादशी असो वा पौर्णिमा, जो आपोआप लक्षात राहतो तो. अंघोळीनंतर, उजेडात, आरशासमोर आधी नुसतं बघायचं: टाक्यांच्या ओळीवर किंवा भोवती नवा लालसर चट्टा, पुरळ, न भरणारी जखम आहे का. मग आडवं पडून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, छोटे गोल फिरवत टाक्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. आधी हलकं, मग बरगडी लागेपर्यंत दाबून. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं किंवा तुरीच्या दाण्याएवढं टणक, नवं काही लागतंय का, हे शोधायचं. बरगडी जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथला उंचवटा टणक असतो, हलत नाही आणि दुसऱ्या बाजूलाही तसाच असतो. त्याला घाबरायचं नाही. नंतर दोन्ही काखा, आणि शेवटी गळपट्टीच्या हाडावरचा खड्डा, दोन्हीकडचा. हा खड्डा बहुतेकजणी विसरतात आणि गाठ तिथे येऊ शकते. मग डावा स्तन पूर्ण. दाणा सापडला तर तारीख आणि जागा लिहून ठेवा आणि पुढच्या तीन महिन्यांच्या खेपेची वाट न बघता दाखवा.

डाव्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. उजवा स्तन काढलेला असल्यानं त्या बाजूची लागत नाही. तारीख चुकते ती लक्षात न राहिल्यानं. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की मॅमोग्राफी, असं काही घरात ठरवून टाका. जाताना काखेत पावडर, डिओ लावू नका, त्याचे कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात. मागच्या वर्षीच्या फिल्म न्या. नव्या फिल्मचं निम्मं महत्त्व जुनीशी ताडून बघण्यात आहे.

डॉक्टरांची भेट पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. पाच वर्षं झाली की फाइल माळ्यावर टाकतात, ते करू नका. ज्यांचे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतात, त्यांचा आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत परततो. आईसारख्या ईआर पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षांनंतरही धोका साधारण तसाच चालू राहतो, 15-20 वर्षांनीही आजार परतू शकतो.

याच कारणानं, प्रसार रोखण्यासाठी तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती रोजची गोळी. ईआर पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन (याच कामाची जुनी हार्मोनविरोधी गोळी) घेतलेल्या बायकांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण त्या काळात जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि 15 वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. पाळी गेलेल्या बायकांत लेट्रोझोल त्याहून थोडं सरस आहे. असं असूनही गोळी सुटते: सांधे दुखतात म्हणून, पाकीट संपलं म्हणून, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून. आईला एकटीत विचारा, रागावून नव्हे, महिन्यातले किती दिवस गोळी चुकते. सांधेदुखी असह्य असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झिमेस्टेन किंवा टॅमॉक्सिफेन असे पर्याय आहेत, आणि रोजचं चालणं या दुखण्यावर खरोखर उपयोगी पडतं.

लेट्रोझोल चालू असताना साधारण दर दोन वर्षांनी हाडांची घनता मोजायची, म्हणजे डेक्सा. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम, सोबत ड जीवनसत्त्व. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन दर सहा महिन्यांनी द्यायचं ठरलं तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे न्या, विशेषतः आई मिश्री लावत असतील तर. हलणारे, किडलेले दात आधीच काढून जबडा भरू द्यायचा. सलाइन सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन् महिने चिघळू शकतं. (ज्या टॅमॉक्सिफेनवर आहेत त्यांनी पाळी गेल्यानंतर अंगावरून थोडंही रक्त गेलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी.)

पाठीखेरीज आणखी काय सांगायचं? दोन-तीन आठवडे न थांबणारा खोकला किंवा चढत जाणारी धाप. खोकल्यासाठी आपल्याकडे थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे दोन्ही करतात, कारण क्षयही तितकाच शक्य असतो. उजव्या बरगडीखाली जडपणा, भूक मरणं, डोळे पिवळे होणं. सकाळी उठताच डोकं दुखणं आणि उलटी, नवी फिट, तोल जाणं. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी उतरणं, म्हणजे 60 किलोच्या बाईचं तीन किलो. खूप तहान, सारखी लघवी, घट्ट शौच आणि गुंगी एकत्र आली तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. ते तातडीनं बघायचं. ऑपरेशनच्या बाजूचा हात हळूहळू सुजणं बहुधा काखेतल्या गाठी काढल्यामुळे असतं आणि सतत हाताचं काम करणाऱ्यांना त्याचा त्रास जास्त होऊ शकतो. पण काही वर्षांनी अचानक आलेली सूज, विशेषतः दुखणारी, तपासल्याशिवाय ‘कामानं आली’ म्हणायचं नाही.

आणि कुठल्या तपासणीत खरंच नवं काही सापडलं, तर शक्य असेल तिथून सुईनं तुकडा काढून तो पुन्हा तपासायला सांगा. तो क्षय निघू शकतो. कर्करोग निघाला तरी ईआर, पीआर, हर-टू पहिल्या वेळेसारखे असतीलच असं नाही, आणि पुढचं औषध त्यांवरच ठरतं. पेट स्कॅनची जागा या टप्प्यावर आहे.

फाइलबद्दल एवढंच: ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ईआर-पीआर-हर-टूचा कागद, केमोची औषधं आणि एकूण मात्रा, रेडिएशनचा गोषवारा, टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी). सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ईसीजी आणि सोनोग्राफीचे कागद उष्णतेनं उमटवलेले असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात दोन वर्षं राहिले की त्यांवरचं वाचता येत नाही. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर त्यात एमआरआय बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आता बार्शीला फोन करून याच आठवड्यातली तारीख घ्या, आणि तोवर पायांत काही बदल दिसला तर वर लिहिलंय तसं सरळ निघा. खोलीत गेल्यावर लॅबचा कागद पुढे करू नका. आधी सांगा की पाठ तीन आठवड्यांपासून दुखते, कुठे दुखते, रात्री उठवते का, सुटीच्या दिवशी कमी होते का. 34 चा आकडा त्यानंतर.